गंगूबाईच्या ताब्यातला पासपोर्ट

पल्लवीचा पासपोर्ट गुरुवारी सकाळी गायब झाला. बॅग भरायला तिने वरचा कप्पा उघडला, तर चार्जर होता, औषधं होती, पासपोर्टच नव्हता. तिने सगळी बॅग गादीवर उपडी केली. कपडे झटकले, पुस्तकांची पानं फडफडवली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा शांत आवाज आला.

"शोधू नको. मायाजवळ हाय."

म्हणजे पासपोर्ट आईनेच काढून स्वतःजवळ ठेवला होता. किन्हीराजा या आपल्या गावात पल्लवीला सगळे डॉक्टर म्हणत, पण ती औषध देणारी डॉक्टर नव्हती, आणि हे गावाला अजून नीटसं पटलेलं नव्हतं. परवाच एकाने तिला गुडघा दाखवला होता. ती जिनिव्हातल्या एका संशोधन संस्थेत काम करायची. कामासाठी परदेशात जाणारी माणसं आणि त्यांचे हक्क, हा तिचा विषय. त्यातही तिचा खास हातखंडा विषय म्हणजे मालकांनी मजुरांचे पासपोर्ट काढून घेणं. त्यावर तिने जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. असा पासपोर्ट परत कसा मिळवायचा, याचं प्रशिक्षण ती निरनिराळ्या देशांच्या वकिलातींतल्या साहेबांना द्यायची. आता आठवडाभरात याच विषयावर तिला मोठ्या परिषदेत बोलायचं होतं.

"माय, पासपोर्ट दे."

"रविवारी देतो."

"शनिवारी माझं विमान आहे."

"म्हणून तं," गंगूबाई म्हणाली आणि कणीक तिंबायला लागली.

भानगड अशी होती, की रविवारी कामरगावहून पाहुणे येणार होते. मुलगा अमरावतीला इंजिनिअर. पल्लवीने तीनतीनदा नाही म्हटलं होतं. गंगूबाईने ते तीनतीनदा ऐकून घेतलं होतं.

पल्लवीने आपल्या प्रशिक्षणातली पहिली पायरी आठवली: आवाज चढवायचा नाही, मालकाला कारण विचारायचं.

"का घेतलास, ते तरी सांग."

"हरवून टाकशीन तू. मायाजवळ जपून राहते."

पल्लवीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात कुवेतच्या एका मालकिणीने नेमकं हेच उत्तर दिलेलं होतं.

"पण तो माझा आहे ना? माझ्या मर्जीशिवाय कोणी ठेवून घेणं गुन्हा आहे."

"मी काय परकी हावो? तुया भल्यासाठीच ठेवला. अन् तुले अठी काय कमी हाय? खायले देतो, प्यायले देतो, घरच्यावानी ठेवतो."

"घरच्यावानी म्हणजे? मी घरचीच आहे!"

"मंग भांडून काहून राह्यली?"

यावर त्या जाडजूड पुस्तकात काहीच नव्हतं. ती ओसरीवर गेली. तिचे बाबा, देवमन, रिसोडच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"बाबा, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

देवमनांनी पेपर खाली केला, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि पेपर पुन्हा वर धरला. "मी दोन्हीकडून हावो," ते पेपरामागून म्हणाले.

असं बोलणारे राजदूत पल्लवीने पुष्कळ पाहिले होते. तिने तो नाद सोडला आणि नैरोबीच्या आपल्या सहकारी वकीलबाईला, वांगारीला, व्हिडिओ कॉल लावला. वांगारीने सगळं गंभीरपणे ऐकलं. "मालकिणीशी माझं बोलणं करून दे," ती म्हणाली. पल्लवीने फोन आईपुढे धरला आणि दुभाष्याचं काम करू लागली. वांगारी स्वेच्छा, संचारस्वातंत्र्य असं बरंच काही बोलली. गंगूबाईने ते होऊ दिलं, आणि मग विचारलं, "तुमचं लग्न झालं का बाई?"

वांगारीचा घटस्फोट झाला होता. ते कसं झालं, सासू कशी होती, पोरगा कोणाजवळ राहतो, हे सगळं गंगूबाईने काढून घेतलं. शेवटी वांगारीने डोळे पुसले.

"पल्लवी, तुझी आई फार समजूतदार आहे," ती म्हणाली. "निदान त्या मुलाला भेटून तरी घे."

गुरुवार असा गेला.

शुक्रवारी दुपारी शेजारची गोजराबाई आली. तिचा राजू मस्कतला गवंडीकाम करायचा. घरी बहिणीचं, अंजूचं, लग्न ठरलं होतं आणि राजूला सुटी मंजूरही झाली होती, पण कंपनीच्या मॅनेजरने त्याचा पासपोर्ट कपाटात ठेवून घेतला होता. काम उरकल्यावर देऊ, म्हणत होता. गोजराबाईने डोळ्यांना पदर लावला.

"काहून ठेवते तो मेला दुसऱ्याच्या लेकराचा पासपोर्ट?" गंगूबाई एकदम उसळली. "त्याच्या बापाचा हाय का? पल्ले, लाव त्याले फोन! एवढी शिकली ते कायले?"

पल्लवीने आईकडे निरखून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर नुसता संताप होता. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

फोन लावायला मात्र पल्लवी एका पायावर तयार होती. राजूकडून नंबर घेतला. मॅनेजर केरळचा, नाव कुरियन. फोन स्पीकरवर होता. पल्लवीने संस्थेचं नाव सांगितलं, तिथला कायदा सांगितला, असा पासपोर्ट अडवता येत नाही हेही सांगितलं. कुरियनचा आवाज तुपासारखा मऊ होता.

"मॅडम, पासपोर्ट एकदम सेफ है. लड़का लोग खो देता है, इसलिए हम रखता है. उनका भला के वास्ते. यहाँ सब फॅमिली जैसा है."

ओसरीवर पेपरामागे देवमनांना खोकला आला. पल्लवीने आईकडे पाहिलंही नाही, पण आईने तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"अरे बाप्पा, तुम काहून रखे पोट्टे का पासपोर्ट? तुम उसके माय हो क्या?"

"आप कौन, अम्मा?"

"मैं इस पोट्टी की माय. मैंने भी इसका पासपोर्ट रखा है. पर मैं माय हूँ, मुझे चलता है. तुमको नहीं चलता."

पल्लवीने कपाळाला हात लावला. एवढ्या कायदेशीर मांडणीची माती झाली. पण पलीकडे कुरियनचा आवाज बदलला.

"अम्मा, आपने बेटी का पासपोर्ट क्यों रखा?"

"लड़का देखने का है. ये भाग रही."

फोन कटला की काय म्हणून गंगूबाईने तो हलवून पाहिला.

"अम्मा, मत करो," कुरियन हळूच म्हणाला. "हमने किया था. बेटी का नर्सिंग का जॉब था ऑस्ट्रेलिया में, हमने शादी के वास्ते पासपोर्ट छुपाया. वो पुलिस में बोलकर दूसरा निकाला और चली गई. अभी तक नहीं आई. फोन भी उसकी माँ को करती है, हमको नहीं."

गंगूबाईने पल्लवीकडे बघितलं, आणि मग फोनकडे. पलीकडे कुरियन मुसमुसत होता.

"रोते कायकू हो साहेब," ती म्हणाली. "तुम फोन करो उसको. पहले तुम करो. गलती तुमने की, तो पहले तुम बोलो. शरम काय की उसमें?"

"वो उठाएगी नहीं."

"तो फिर करो. रोज करो. लेक है तुमची, किती दिवस नहीं उठाएगी?" मग तिने दम घेतला. "अन् सुनो. राजू का पासपोर्ट आज दे दो. मैं इसका देती."

"पक्का, अम्मा?"

"पक्का."

गोजराबाई रडत रडत हसायला लागली. पल्लवीने आईचा हात धरला, तर आईने तो झिडकारला. "सोड. काढून देतो," म्हणत ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मग डबा परातीत ओतला. मग डाळीचा ओतला. दोन्हीत पासपोर्ट नव्हता.

"पल्ले, अठीच ठेवला होता वं मी!"

त्यानंतर त्या घरात जे झालं ते सांगायला नको. डाळ, तांदूळ, ज्वारी, सगळं जमिनीवर आलं. गोजराबाई पलंगाखाली शिरली. रिसोडला दुकानात असलेल्या पल्लवीच्या भावाला, विनोदला, फोन गेला आणि त्याने नवा पासपोर्ट काढायला किती वेळ लागतो हे सविस्तर सांगितल्यावर गंगूबाईने फोन बंद केला. "मी लेकीचं नुकसान केलं," म्हणून ती ज्वारीच्या ढिगाशेजारी बसून चक्क रडायला लागली. आता पल्लवीच तिची समजूत घालत होती.

तेव्हा कुठे देवमन पेपराची घडी करून दारात आले. पसारा पाहिला. बंडीच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढून लेकीच्या हातात ठेवला.

"कालच काढला," ते म्हणाले. "उद्या नागपूरच्या गाडीत बसली का देनार होतो."

"अन् तुम्ही तर दोन्हीकडून होतात!" पल्लवी ओरडली.

"हावो ना. तोंडानं तुया मायकडून, हातानं तुयाकडून."

गंगूबाई त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. जमिनीवर मिसळलेलं सगळं धान्य तिने निवडायला त्यांच्यापुढे सरकवलं, आणि त्यांनीही मुकाट्याने निवडलं.

शनिवारी सकाळी राजूचा फोटो आला, एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात चहा. पल्लवीची गाडी सुटली तेव्हा गंगूबाई खिडकीपाशी येऊन कंडक्टरला बजावत होती, की ही डॉक्टर हाय, पण गुडघा दाखवू नका. रविवारी कामरगावचे पाहुणेही जेवून गेले. मुलाने पल्लवीचा नंबर मागून घेतला आणि त्याच दिवशी मेसेज करून विचारलं, कॅनडाच्या व्हिसाचं काही जमेल का?

परिषदेत पल्लवीने राजूचं प्रकरण नाव न घेता मांडलं. पांढऱ्या दाढीच्या एका प्राध्यापकांनी हात वर केला. अशा प्रकरणांत महिनोन्महिने जातात, इथे एका दिवसात मालकाने माघार कशी घेतली? नेमकी कोणती यंत्रणा वापरली?

पल्लवीने थोडा विचार केला. "कौटुंबिक हस्तक्षेप," ती म्हणाली.

प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. "फारच प्रभावी. ही पद्धत इतर देशांत राबवता येईल का?"

"अवघड आहे, सर," पल्लवी म्हणाली. "ते करणारी व्यक्ती एकच आहे, आणि तिच्याकडे पासपोर्ट नाही."