काढून टाकलेला आकडा

माझी बहीण मंजुश्री लातूरला कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि दर रविवारी पन्नास-साठ किलोमीटर सायकल हाणते. बाराव्या वर्षापासून तिला शुगर आहे, इन्सुलिनवाली. दंडावर चिकटवलेला सेन्सर साखर मोजतो आणि घड्याळावर आकडा दाखवतो. पूर्वी साखर उतरली की तिला घाम फुटायचा, हात कापायचे. आताशा अंगाला काहीच कळत नाही, म्हणून सायकलवर तिला तो आकडा लागतोच.

आणि तोच मी काढला.

तीस सप्टेंबरला आमचा सायकल क्लब भूकंपात गेलेल्यांसाठी किल्लारीच्या स्मारकापर्यंत जातो. यंदा उदगीरचे पंचाक्षरी येणार होते, मंजूला सांगून आलेलं स्थळ. त्यांनाही सायकलचं वेड. आदल्या दिवशी अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, फर्मान काढलं, "सेन्सर बाहीखाली झाकंल, पण ते घड्याळ दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढं राहणार हाय. आकडा काढ. एकदा कुंकू लागू दे, मग सांगू."

"अव्वा, मी काय चोरी केली हाय का?" मंजू भडकली. पण अव्वा जेवायलाच उठेना, तेव्हा तिनं घड्याळ माझ्यापुढं आदळलं. मी मोठा शहाणा! पडद्यावर वेग, अंतर आणि हृदयाचे ठोके ठेवले. साखर आणि तिचा गजर बंद. आकडा फक्त माझ्या फोनवर येणार. सत्तरच्या खाली गेला की मी दोनदा घंटी वाजवायची आणि तिनं गुपचूप ग्लुकोज खायचं, असा बेत.

औशापर्यंत बेत चालला. पुढं माझं चाक पंक्चर झालं. दोघांना जरा बोलता येईल म्हणून मीच म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं." ट्यूब बदलून मान वर केली तर दोघं दिसेनात. फोन काढला. अडुसष्ट, बाण सरळ खाली. मंजूला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

पंचाक्षरींचा नंबर माझ्याकडे होता. पण सांगणार कुठल्या तोंडानं? मी सायकल दामटली. दोन किलोमीटर तर असतील, आत्ता गाठतो, असं स्वतःला बजावत राहिलो. वारा समोरून. त्रेसष्ट. चढ संपेना. सत्तावन्न. सांगायला लाज वाटते, पण भीती निम्मी मंजूसाठी होती आणि निम्मी अव्वाची. शेहेचाळीस दिसल्यावर सायकल टाकून फोन लावला.

"पाहुणे, मंजूला थांबवा! तिला शुगर हाय, लई खाली गेलीय. पाठीच्या खिशात ग्लुकोज हाय, ते चारा आधी!"

"त्या खाली बसल्यात, बोलंनात," पंचाक्षरी म्हणाले. "मी घड्याळ बघितलं की! ठोके बरोबर होते. म्हणलं दम लागला असंल. पाणी पाजत बसलोय."

पाणी! तिला साखर हवी होती.

मी पोचलो तेव्हा ती बाभळीला टेकून होती, ओठांवर पांढरी भुकटी. पंचाक्षरींनी तिचं डोकं धरलं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी तिची नजर जाग्यावर आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडलो. ती मात्र रडली नाही.

"अण्णा, तुझा फोन दे."

तिनं साखरेच्या आलेखाची रेघ मागं सरकवली, मग कॉलची यादी उघडली. उत्तरपत्रिका तपासावी तशी ती एकेक ओळ वाचत होती.

"मला आठ चौदाला लावलास. ह्यांना आठ तेवीसला." तिनं वर बघितलं. "मधी नऊ मिनिटं काय करत होतास?"

पंचाक्षरीही माझ्याकडं बघत होते. वारा होता, चढ होता, असं काहीही सांगता आलं असतं.

"स्थळ वाचवत होतो," मी म्हणालो.