गुलनारच्या नावाचा दुसरा डबा

मी स्टीलचा डबा बोलतोय. घट्ट झाकणाचा, पोटावर नाव कोरलेला. रडगाणं गाणार नाही. झालं ते सांगतो.

आम्ही दोघे. एकाच पत्र्याचे, एकाच मापाचे. गुलनारने अमरावतीच्या भांड्यांच्या दुकानातून आम्हाला जोडीनेच घेतलं. दुकानदाराने विजेच्या सुईने दोघांवर नाव कोरलं, 'गुलनार'. तेव्हापासून आमच्यात तिच्या हातचा मसाला. धणे, सुकं खोबरं, दगडफूल, कलमी, सगळं अंदाजाने. तिने आयुष्यात कधी चमचा मोजला नाही आणि कोणाला काही विचारलं नाही.

आपल्याकडे माणूस दूर निघाला की घरची बाई त्याच्या सामानात काहीतरी दडवतेच. सांगून ठेवलं तर वजन होतं म्हणून तो काढून टाकतो. गुलनारचा मुलगा सरफराज एसी दुरुस्तीच्या कामावर आखातात निघाला, तेव्हा तिने माझा भाऊ मसाल्याने भरला. वर भाजलेल्या खसखशीची पुरचुंडी ठेवली, रस्सा करताना वाटून घालायला. मग लुंगीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी. सरफराजला पत्ताच नाही.

तिकडे विमानतळावर भाऊ उघडला गेला. खसखस आपल्याकडे किराण्यात मिळते. तिथल्या कायद्यात ती नशेच्या मालात मोडते. डबा कोणी भरला, असं विचारलं. सरफराजने नाव वाचलं आणि त्याला सगळं उमगलं. म्हणाला, मीच भरला. तो तुरुंगात गेला. भाऊ मोहर लावून कोर्टाच्या कपाटात गेला.

त्या दिवसापासून माझ्या पोटात काहीतरी हलतं. मी रिकामा असलो तरी हलतं. तिकडे कोणीतरी भावाला उचलत असेल, असं समजून मी गप्प राहतो.

गुलनारचा नवरा अब्दुल रहीम रजया भरतो. पोराने फोनवर त्याला खरं सांगितलं होतं, पण बायकोला त्याने सांगितलं की कागदांत घोळ झाला म्हणून पोराला अडकवलं आहे. जोडीचा डबा वकिलांना दाखवायला म्हणून मला कापसात लपवून त्याने अकोल्याला नेलं. जठारपेठेत औषधांच्या दुकानावर एक खोली आहे. परदेशात खटल्यात सापडलेल्या माणसांना तिथली संस्था फुकट वकील मिळवून देते. ती रागिणी वकीलबाई चालवतात. त्यांच्या हाताखाली वर्षाली नावाची शिकाऊ पोरगी होती. अंजनगाव सुर्जीची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची. तिने मला आपल्या टेबलावर ठेवलं. दुपारी कोणी नसलं की झाकण उघडून वास घ्यायची आणि पटकन लावायची. चोरी केल्यासारखी.

कधीमधी तुरुंगातून फोन यायचा. सरफराज दरवेळी एकच सांगायचा, अम्मीला कळू देऊ नका. त्याचा आवाज आला की माझं झाकण थरथरायचं. एकदा वर्षालीने त्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

तिकडच्या वकिलाचा निरोप आला. आईने कॅमेऱ्यासमोर सांगावं, डबा मी भरला, मीच लपवला. जोडीचा डबा हातात धरून नाव दाखवावं. तेवढं झालं तर सुटकेची आशा आहे, नाहीतर शिक्षा लांबेल. रागिणीबाईंनी वर्षालीला अमरावतीला धाडलं. एसटीत तिने मला मांडीवर धरलं होतं.

अब्दुल रहीम दारातच आडवा आला.

"मी भरला मनून सांगतो ना कोर्टाले. तिले काहून वढता?"

"चाचा, तुमी भरला नाही," वर्षाली म्हणाली.

"तुले पोर आहे का? मंग मले नको शिकवू."

आतून गुलनार आली. मला पाहून तिने कपाळावर हात मारला. "हा माहा डबा अकोल्याले जाऊन राहिला, अन् मी मांजरीवर आळ घेऊन राहिली!" नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले डबा लागे तं मागाचा होता. रजईत भराले नेला का?"

तो दारातून बाजूला झाला.

वर्षालीने फोनचा कॅमेरा सुरू केला आणि म्हणाली, चाची, सरफराजचा मसाला कसा भरला ते सांगा. गुलनार खुलली. बसकण मारून एकेक जिन्नस सांगू लागली. कलमी किती, खोबरं कसं करपू द्यायचं नाही, पोरगा कसा सामान तपासतो आणि तिने त्याला कसं फसवलं. सांगताना हसत होती. शेवटी पुरचुंडीवर आली. हवं होतं ते सगळं फोनात उतरलं होतं. पोरगी उठून निघू शकली असती.

तिने फोन बंद केला. गुलनारचा हात धरला आणि खरं सांगितलं.

चुलीवरचं दूध उतू गेलं. कोणी उठलं नाही. अब्दुल रहीम भिंतीकडे तोंड करून उभा होता. गुलनारने ओढणीने माझ्यावरचं नाव पुसलं. कोरलेलं ते, पुसून जात नाही. तरी पुसत राहिली.

मग म्हणाली, "चालू कर, पोरी. मंगाशी खुशीत सांगतलं. आता समजून सांगू दे."

सरफराज सुटला. तिथून कायमचा परत पाठवला. अकोल्याला मला न्यायला आला तेव्हा वर्षालीचे त्याने आभार मानले नाहीत. एवढंच विचारलं, "अम्मीले कोनं सांगतलं?"

"मी," ती म्हणाली. नजर खाली केली नाही.

तो मला घेऊन जिना उतरला. उंबऱ्याशी थांबला, पण वळला नाही.

आता मी अमरावतीत फळीवर आहे. भाऊ आला नाही, येणारही नाही. माझ्या पोटात अजून हलतं.

घरात त्या गोष्टीचा कोणी शब्द काढत नाही. पोरगा जेवतो, बाप रजया भरतो. फक्त गुलनार बदलली. भाजीला फोडणी देताना हात भांड्यावर थांबतो. दाराकडे पाहून विचारते, हळद टाकू? धणे टाकू? काल तर मीठ चिमटीत धरून उभी राहिली, सरफराज हो म्हणेपर्यंत.

तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलात, तर चहाला थांबा. तिने साखर टाकू का विचारलं, तर हो-नाही म्हणू नका. तुमच्या अंदाजाने टाका, म्हणा.