शिशाचा झिंगा

हर्षाने डबा उघडला तर आत नुसता कापूस. शिसं गुंडाळलेले झिंगे एकूणएक गेले होते.

सालेकशापुढे नदीकाठच्या गावात राहणारी हर्षा असे नकली झिंगे बांधायची. गळाच्या दांडीवर शिशाची तार वळायची, वरून तपकिरी दोरा, पाय म्हणून कोंबड्याच्या मानेची पिसं, पाठीवर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. पाण्यात टाकला की झिंगा थेट तळ गाठायचा आणि ओढला की खऱ्यासारखा उलटा सरकायचा. तिचा धाकटा भाऊ टिंकू गोंदिया-रायपूरची हौशी माणसं गळ टाकायला नदीवर आणायचा. मासा लागला की फोटो काढून सोडून द्यायचा, असा त्याचा नियम.

पण भर उन्हाळ्यात शिशाचा झिंगा वापरायचा नाही, हे बहीणभावात पक्कं ठरलं होतं. तेव्हा नदी आटते, डोह तेवढे उरतात, आणि तळाशी खड्डा करून मिशाळ शिंगाळा मासा आपली पिल्लं राखत बसतो. जवळ जे येईल त्याला चावतो. भूक नसली तरी चावतो.

हर्षा तशीच अनवाणी डोहाकडे निघाली. वाळू भाजत होती, तिला कळलंही नाही.

डोहावर चारजण गळ टाकून उभे होते. अर्जुनाच्या फांदीला दोन शिंगाळे कल्ल्यातून दोरी ओवून टांगलेले. एकाच्या मिशा अजून हलत होत्या.

"माहे झिंगे कोणाले इचारून नेले?"

टिंकू दचकला. "ताई, हळू बोल. पाहुणे हायेत."

"पाहुणे गेले चुलीत!"

"काऊन एवढी तापून राहिली? दोनच तं मासे हायेत."

"दोन? थे पाह्य!" तिने पाण्याकडे हात केला. राखणारा मासा उचललेल्या जागेवर बारीकसारीक मासे तुटून पडले होते. पाणी नुसतं खदखदत होतं. "पिल्लं खाऊन राहिले ते. तुह्यामुळं!"

एक पाहुणा पुढे आला. "दीदी, गुस्सा मत कीजिए. फोटो लेके छोड़ देंगे."

"छोड़ोगे? गलफड़े में रस्सी डालके छोड़ोगे?"

तिने कमरेची कात्री काढली आणि ताणलेले दोरे कापत सुटली. एक, दुसरा, तिसरा. टिंकूने तिचं मनगट धरलं.

"चारचौघांत माही इज्जत काढून राहिली तू!"

"बा नं जलमभर उन्हाळ्यात या डोहात जाळं नाई टाकलं. उपाशी मेलो का आपण? सोड हात!"

हिसका देऊन तिने फांदीवरची दोरी कापली. एक मासा मेलाच होता. दुसऱ्याला ती पाण्यात धरून बसली. तो दोनदा उलटा झाला, मग शेपटी मारून खाली गेला. आपल्या खड्ड्यात पोचला की नाही, देव जाणे. पाहुणे शिव्या देत निघून गेले.

"उद्यापासून झिंगे रायपुरातून आणतो मी," टिंकू म्हणाला.

"आण. पण इथं पाय ठेवून पाह्य."

दुसऱ्या दिवसापासून हर्षा आणि शेजारची रुख्मा डोहावर बसू लागल्या. मागोमाग गावातल्या आणखी बायका आल्या. आठवड्याने टिंकूची जीप आली. बायका पाहून तो उतरलाच नाही, जीप वळवली.

हर्षाने दगड उचलला.

"राहू दे," रुख्मा म्हणाली. "भाऊ हाये तुहा."

"म्हणूनच तं," हर्षा म्हणाली आणि तिने दगड भिरकावला. जीपचा मागचा दिवा फुटला.