शेपटापासून तोंडापर्यंत

रविवार. तीन वीत.

बारकूच्या उजव्या कुशीवर फोडांची रांग उठली होती, कण्यापासून बेंबीकडे वळत आलेली. गावानं बघताक्षणी नाव सांगितलं: नागीण. तोंड शेपटाला भिडलं की माणूस संपला, हेही सांगितलं. सून पूजानं उरलेली मोकळी कातडी डाव्या अंगानं वितीनं मोजली आणि फोडांवर गेरू लावला.

सोमवार. तीन वीत.

आग आग होत होती. पण तीन म्हणजे तीन. बारकू भाकर जेवला.

मंगळवार.

पूजा पहाटेच वाशिंदला कंपनीत गेली. आज बायकोनं, गिरजानं मोजलं. मग परत वीत टाकली.

"किती गो?"

"अडीच."

"नीट मोज."

"दोनदा मोजली."

स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही. बारकूला वाटलं, ती आत्ता सरकतेय. उद्या दोन. परवा... शहापूरपर्यंत जीपमध्ये त्यानं पाठ टेकली नाही.

दवाखाना.

"काका, ही एका नसेवरून चालते," डॉक्टर दिपिका म्हणाली. "त्या नसेची हद्द अर्ध्या अंगापुरती. वेढा पुरा होत नाही. जुन्या लोकांनी वळण पाहिलं, नागीण म्हटलं. ग्रीक लोकांनी तेच पाहून कमरपट्टा म्हटलं. तिसऱ्या दिवशीच आलात, बरं केलंत. गोळ्या आजपासून."

पूजा कंपनीतून थेट तिथं आली. सगळं ऐकून तिनं सासूच्या पंजाला पंजा लावला. गिरजाचा दोन बोटं मोठा.

"आई, ही वीत नाय, फावडं हाय."

गिरजा पदराआड हसली. बारकूही हसणार होता.

"लहानपणी कांजिण्या आलेल्या?" डॉक्टरनं विचारलं.

"आलेल्या. आयनं कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. देवीची वेशीपर्यंत पाठवणी केली."

"त्याच या. गेल्याच नव्हत्या. कण्याजवळ झोपून होत्या."

पन्नास वर्षं. लग्न, लावण्या, पोरं पाठीवर घेऊन जत्रा. सगळीकडे ती सोबत.

"आता बरं वाटलं म्हणजे जाईल ना?"

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली, "परत झोपेल."

बुधवार.

सवयीनं गिरजानं वीत टाकायला हात पुढे केला. बारकूनं तो धरला, मागं नेला, कण्यावर ठेवला.

"हळू," तो म्हणाला. "उठंल."