प्रॉम्प्टरचा तिसरा शब्द

प्रॉम्प्टर दिसला तर तो वाईट आणि ऐकू आला तर तो बेकार, अशी केसरीनाथची साधी व्याख्या होती. या व्याख्येत तो स्वतः चोख बसत होता. ‘संगीत कंकणभंग’चे दोनशे बारा प्रयोग झाले. त्यातल्या एकाही प्रयोगात तो कुणाला दिसला नाही की ऐकू आला नाही. छापील पत्रकातही त्याचं नाव नसे. सतरंज्यांची व्यवस्था बघणाऱ्याचं असे. केसरीनाथ विंगेत स्टुलावर बसायचा, मांडीवर नाटकाची प्रत, आणि नट अडला की वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचा. दोनच. तिसरा शब्द दिला की नटाचा अपमान होतो, असं त्याचं मत होतं. पुढे आयुष्यभर जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर कारकुनी करूनही ते बदललं नाही.

आता छत्तीस वर्षांनी ते नाटक पुन्हा उभं राहणार होतं. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या क्षितिजाच्या मनाने हे घेतलं होतं, आणि तिच्या मनाने काही घेतलं की भिवंडीतल्या निवृत्त माणसांना कामं लागत. जुना प्रयोग ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात व्हायचा. त्याला सात पडदे होते, बारा जणांचं सैन्य होतं, आणि राजवाड्याचा जिना तर खरोखर चढता यायचा. नवा प्रयोग कामतघरात, रामनाथशेठच्या लूमच्या कारखान्यावर जो हॉल आहे, तिथे. खुर्च्या ऐंशी. शेठनी पडद्यासाठी कापडाचे दोन तागे दिले. या कापडाला धंद्यात ‘ग्रे’ म्हणतात आणि ते पांढरट असतं. भिवंडीत याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. सैन्याची संख्या एकावर आली. तो एकटाच हल्ला करी आणि एकटाच पांगे.

राजा मात्र तोच होता. अण्णा. वय शहात्तर, आवाज अजून खणखणीत. राजा रागाच्या भरात राणीचं कंकण फोडतो आणि पुढचे तीन अंक पस्तावतो, एवढंच नाटक. पण अण्णा पस्तावायला लागले की बायका पदर आणि पुरुष घड्याळं विसरत. दोनशे बारा प्रयोगांत अण्णांना प्रॉम्प्टिंग कधी लागलं नव्हतं. त्यांचा प्रवेश आला की केसरीनाथ चहा पिऊन येई.

क्षितिजाच्या कॉलेजात झालेल्या पहिल्याच तालमीत अण्णा चौथ्या वाक्याला थांबले. सगळ्यांना वाटलं, पॉज घेतला. क्षितिजा तर ‘वा’ म्हणाली. केसरीनाथने प्रतीत पाहिलं. तिथे पॉज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेमघरला भाजीवाल्याच्या गाडीपाशी अण्णांच्या पत्नी विद्युल्लताबाई त्याला भेटल्या. हातातली मेथी त्यांनी दोनदा उचलून दोनदा ठेवली.

“भावोजी, काल तुमच्या लक्षात आलं ना?”

“काय, वहिनी?”

“उगाच वेड पांघरू नका. तुमच्या नाही लक्षात येणार तर कुणाच्या? काल दूध आलं का, हे मला तीनदा विचारलं त्यांनी. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. वयाचं आहे म्हणजे उपाय नाही.”

“मग नाटकाला हो कशाला म्हणाले?”

“गाणी सगळी येतात हो. एक हरकत चुकत नाही. गद्य तेवढं पुसलं गेलंय.” त्यांनी मेथी शेवटी पिशवीत टाकली. “त्यांना स्वतःला कळतंय, म्हणून जास्त भीती. परवा म्हणाले, लता, गावाला कळलं तर मी रस्त्याने चालणार नाही. एवढं एक करा. कुणाला कळू देऊ नका.”

केसरीनाथने शब्द दिला. शब्द देणं हेच त्याचं काम होतं, पण हा शब्द जड होता.

अडचण अशी की कामतघरच्या हॉलला विंग नव्हती. डावीकडे भिंत, उजवीकडे संडासाचा दरवाजा. पहिली रांग रंगमंचापासून तीन फुटांवर. केसरीनाथने टेबलाखाली बसून पाहिलं, पण त्याचे गुडघे बाहेर राहिले. पडद्यामागून बोलून पाहिलं, तर अण्णा प्रत्येक वेळी मागे वळून बघू लागले.

“काका, तुम्ही सिंहासनामागे उभे राहा ना,” क्षितिजा म्हणाली. “चवरी घेऊन. राजाला चवरी ढाळणारा सेवक असतोच. प्रत चवरीच्या दांड्याला चिकटवू.”

“मी? स्टेजवर?”

“तुम्हाला बोलायचं कुठेय? फक्त उभं राहायचं.”

अण्णांसाठी हा सगळा खटाटोप चाललाय हे तिला माहीत नव्हतं. नवीन मुलं वाक्यं विसरतात म्हणून प्रॉम्प्टर हवा, असं केसरीनाथने तिला सांगितलं होतं आणि नवीन मुलांनी त्याला वेळोवेळी दुजोराही दिला होता. कारखान्यातल्या वाया गेलेल्या सुताची चवरी झाली. केसरीनाथला जरीचा फेटा मिळाला. आरशात त्याला स्वतःचा चेहरा कुठल्याशा लग्नातल्या उपाशी बँडवाल्यासारखा वाटला.

हॉलमध्ये रोजच्या तालमी सुरू झाल्या आणि एक नवीन प्रकार लक्षात आला. खाली अठ्ठेचाळीस लूम चालत. वर बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नसे, आणि राजाच्या कानाशी कुजबुजलेलं तर राजालाही नाही.

“केसरी, मोठ्याने सांग रे!” अण्णा ओरडले.

केसरीनाथने आवाज चढवला. आठवड्याने आणखी चढवला. महिन्याने तो अशा पट्टीत पोचला की कोणी मेल्याची बातमी नदीपलीकडे कळवायची असावी. पण सगळेच त्या पट्टीत होते. राणी झालेली पूर्वा ‘प्राणनाथ’ अशी हाक मारी तेव्हा रिक्षा थांबवल्यासारखं वाटे. लूम चालू असताना यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. भिवंडीत माणसं प्रेमाचं बोलतात तेही असंच.

खाली दरवाज्यावर नवशा नावाचा वॉचमन असे. डोंगराकडच्या पाड्यातला, भाताची कामं संपली की ड्युटीवर येणारा. तो रोज जाताना केसरीनाथला हात करी आणि म्हणे, “जोरात हाय तुमचं!” केसरीनाथ हे नाटकाबद्दल समजायचा.

प्रयोग शुक्रवारी संध्याकाळी पाचला ठरला. शुक्रवारी रात्रपाळीपर्यंत लूमला सुट्टी असते, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणजे शांतता मिळणार. सगळ्यांनी क्षितिजाच्या नियोजनाचं कौतुक केलं. शुक्रवारी एक तरी तालीम घ्यावी असं मात्र कुणाला सुचलं नाही. कारण शुक्रवारी हॉलमध्ये योगवर्ग असे, आणि तोही बिचारा त्या शांततेसाठीच शुक्रवारी असे.

ऐंशी खुर्च्यांवर शंभर माणसं बसली. पहिल्या रांगेत रामनाथशेठ, त्यांच्या शेजारी विद्युल्लताबाई. नांदी चांगली झाली, राजाच्या प्रवेशाचं पद तर अप्रतिम. अण्णांचा आवाज त्या बुटक्या छताला लागून परत खाली आला आणि लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला. मग अण्णा सिंहासनावर बसले, समोर पाहिलं, आणि थांबले.

केसरीनाथने चवरी हलवली, पुढे झुकला, आणि दोन महिन्यांच्या सवयीने दोन शब्द सोडले.

“प्रधानजी, राज्यात!”

पहिल्या रांगेतल्या रामनाथशेठनी चष्मा सावरला. मागच्या रांगेतलं एक बाळ जागं झालं. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

“प्रधानजी, राज्यात सर्व कुशल आहे ना?” अण्णा म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, “याचा वन्स मोअर आधीच झाला!” आणि हॉल हसला.

केसरीनाथच्या फेट्याखाली घाम फुटला. पुढच्या वाक्याला त्याने कुजबुजायचा प्रयत्न केला. पण कुजबुज त्याच्याकडे उरली नव्हती. एक तर गर्जना निघे, नाहीतर नुसती हवा. हवा निघाली. अण्णांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान जराशी वळवली. पहिल्या रांगेत विद्युल्लताबाईंनी पर्सचा बंद मुठीत धरला होता.

पुन्हा हवा. शांतता इतकी होती की संडासाच्या टाकीत पाणी भरतंय ते ऐकू येत होतं. केसरीनाथपुढे दोनच रस्ते होते. ओरडावं तर सगळ्या गावाला कळतं. न ओरडावं तरी कळतं.

अण्णा उठले. सिंहासनामागे आले आणि केसरीनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

“सेवका,” अण्णा राजाच्या आवाजात म्हणाले, “आम्हाला आताशा काही आठवत नाही. आमच्या मनातलं आमच्याआधी तुला ठाऊक असतं. तेव्हा तूच बोल. आम्ही ऐकू.”

हे वाक्य नाटकात नव्हतं. केसरीनाथजवळच्या प्रतीत तरी नव्हतं, आणि तेवढी एकच प्रत जगात शिल्लक होती.

प्रधान झालेला शैलेश क्षितिजाकडे बघत राहिला. क्षितिजाने पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटीवाल्याने कुणाकडेच पाहिलं नाही, एक सूर धरून ठेवला.

केसरीनाथने चवरी खाली घेतली. पहिले दोन शब्द नेहमीसारखे सुटले, “राणीसाहेबांच्या महाली...” आणि तिथे तो सवयीने थांबला. अण्णा वाट बघत होते. तिसरा शब्द त्याने उभ्या आयुष्यात रंगमंचावर उच्चारला नव्हता.

“...आज दिवे का नाहीत, असं महाराज विचारताहेत,” तो म्हणाला.

आवाज ना गर्जनेचा होता, ना हवेचा. नोंदणीच्या टेबलावर कुणाच्या वडिलांचं नाव विचारताना लागायचा, तसा होता. अण्णांनी मान डोलावली, की होय, हेच आम्ही विचारतोय. शैलेशने उत्तर दिलं. नाटक पुढे सरकलं.

मग ते तसंच चाललं. गद्य आलं की राजा बसे आणि सेवक बोले. पद आलं की राजा उठे आणि सेवक चवरी ढाळी. तिसऱ्या अंकात ‘कंकण तुटले, नाद न तुटे’ हे पद आलं. अण्णांनी ते राणीकडे बघून म्हणायचं होतं. त्यांनी ते पहिल्या रांगेकडे बघून म्हटलं. विद्युल्लताबाईंनी पर्स सोडली आणि पदर शोधला. रामनाथशेठ घड्याळ विसरले.

पडदा पडल्यावर दोन निवृत्त मास्तर क्षितिजाला म्हणाले, “अगदी मूळ संहितेबरहुकूम केलंत. राजाचं गद्य सेवकाच्या तोंडी, आमच्या तरुणपणी असंच बघितलेलं.” क्षितिजाने आभार मानले. ती शिक्षिका असल्यामुळे चूक तिथल्या तिथे सुधारायची तिला सवय होती; या वेळी तिने ती मोडली.

जिन्यात विद्युल्लताबाई थांबल्या होत्या.

“वहिनी, मी शब्द नाही पाळला.”

“त्यांनी स्वतःच सांगितलं की, भावोजी. शंभर माणसांसमोर.” त्या डोळे पुसत हसल्या. “आणि आता तिकडे शेठना सांगताहेत, वाक्य ऐनवेळी सुचलं म्हणून.”

खाली नवशा टोपी घालत होता. सुट्टी संपून सात वाजता रात्रपाळी सुरू होणार होती. आज तो पहिल्यांदाच वर येऊन, मागे उभा राहून नाटक बघून आला होता.

“काका, येक विचारू? रोज खालनं आयकत व्हतो. लूमच्या वर येकच आवाज यायचा, तुमचा. मला वाटलं, राजा तुम्हीच हाव.”

“न्हाय रे,” केसरीनाथही त्याच्या बोलीत गेला. “राजा ते. मी चवरीवाला.”

“आस्सं?” नवशाने जरा विचार केला. “पन बोलला तर समदं तुम्हीच.”

तेवढ्यात सात वाजले आणि कारखान्यातले लूम एकेक करून सुरू झाले. जिना थरथरू लागला. वरच्या पायरीवर अण्णा उभे होते, राजाचा मुकुट काखेत, आणि तोंडाशी हात धरून ओरडत होते.

“केसरी! पुढचा प्रयोग कधी रे?”

“शुक्रवारी!”

“किती वाजता?”

हे त्यांनी मघाशीही विचारलं होतं. केसरीनाथने पुन्हा सांगितलं, सगळं वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत, छातीच्या पूर्ण जोराने. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.