चोवीस सेकंदांची लाट

किनाऱ्यावरची सगळी माणसं तिला हवावाली म्हणत. जीवरक्षकांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिची खोली होती. खोली कसली, तीन बाजूंनी काचा लावलेला डबाच. त्यात एक टेबल, दोन संगणक, भिंतीवर महासागराचा नकाशा, आणि एक किटली, जिचं झाकण हरवल्यामुळे वर बशी ठेवलेली असे. रोज सकाळी सहाला ती जिना चढायची, आकडे बघायची आणि साडेसहाला खाली येऊन दारातल्या फळ्यावर खडूने लिहायची: लाटांची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वारा कुठून, भरती किती वाजता. सर्फिंगला येणारी मंडळी आधी तो फळा वाचत आणि मगच बोर्ड काखोटीला मारत. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

तिचा नवरा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. जीवरक्षकांचा प्रमुख. त्याला सगळे कप्तान म्हणत. आणि कप्तानाची धाकटी बहीण, म्हणजे हवावालीची नणंद, तिथून शंभर पावलांवर सर्फिंगची शाळा चालवायची. शेहेचाळीस वर्षांची झाली तरी लहानपणी पडलेलं मासोळी हे नाव तिला अजून चिकटलेलंच होतं, कारण जमिनीवर तिचं चित्त कधी थाऱ्यावर नसे. तिघं एकाच घरात राहत आणि तिघांचं पोट एकाच पाण्यावर, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरही भरती-ओहोटी चालायची.

हे सगळं सुरू झालं शनिवारी. हवावाली सहज नकाशाचं दुसरं टोक चाळत होती, जिथून या किनाऱ्यावर सहसा काहीच येत नाही. तिथे, सात हजार किलोमीटरवर, एक वादळ उभं होतं. वादळं काय, होतच असतात. पण याचा वारा वळायला तयार नव्हता. एका सरळ रेषेत, नेमकं या किनाऱ्याकडे तोंड करून तो अडीच दिवस समुद्राला रेटत होता. तिने पट्टी लावली, भागाकार केला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. उत्तर तेच आलं. गुरुवार, सकाळी नऊच्या पुढे.

तिने कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तिच्या शब्दावर किनारा बंद ठेवला होता, आणि दिवसभर पाणी नुसतं पायाशी लाडात येत राहिलं होतं. पुढे महिनाभर ती दिसली की कुणीतरी मागून ओरडायचं, "लांडगा आला रे आला!" एकदा तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

पण मंगळवारी जेवताना मासोळीनेच विषय काढला.

"वहिनी, गुरुवारी नर्सिंग कॉलेजच्या अडतीस मुली येतायत. एकीनेसुद्धा आजवर बोर्डावर पाय ठेवलेला नाही. पाणी कसं असेल गं?"

हवावालीचा घास हातातच राहिला. "गुरुवारी नको ठेवूस."

"का?"

मग सांगावंच लागलं. मासोळीने सगळं ऐकून घेतलं, फोन काढला आणि तो तिच्यासमोर धरला. "हे बघ. गुरुवारी एक फूट. अगं, एवढी लाट तर मी बादलीत उठवते."

"उंची नको बघू. सेकंद बघ."

"सेकंदांनी आजवर कोणी बुडलंय का?"

कप्तानाने पाण्याचा ग्लास उचलला. बायको आणि बहीण यांच्या मध्ये बसलेला शहाणा माणूस जे म्हणतो तेच तोही म्हणाला, "बघू की गुरुवारी."

गुरुवारी सकाळी हवावाली पावणेसहालाच जिना चढली. किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर आत, खोल समुद्रात, एक तरंगता पिवळा बोया नांगरून ठेवलेला होता. त्याच्याखालून जाणाऱ्या प्रत्येक लाटेची खबर तो तिच्या पडद्यावर पाठवत असे. इथे एरवी दोन लाटांमध्ये आठ-दहा सेकंद असत. चौदा झाले की सर्फिंगवाल्यांचे चेहरे खुलत. अठरा तिने उभ्या नोकरीत एकदाच पाहिले होते. हे अंतर जेवढं जास्त, तेवढी लाट लांबून आलेली आणि तेवढी तिची मुळं पाण्यात खोल गेलेली. वरून दिसतं ते नुसतं कपाळ.

सहा वाजून दहा मिनिटांनी बोयाने खबर दिली. एक फूट. चोवीस सेकंद.

यंत्र बिघडलं असेल असं तिला आधी वाटलं. तिने जवळच्या दुसऱ्या बोयाकडे विचारणा केली. त्यानेही चोवीसच सांगितले. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पाच दिवसांपूर्वी कागदावर केलेला भागाकार आत्ता या घडीला, दोनशे किलोमीटरवरून, खराखुरा पाण्यातून चालत येत होता. ती उठून काचेपाशी गेली. बाहेर समुद्र परातीत ओतून ठेवल्यासारखा निवांत पडला होता.

तिने कप्तानाला हाक मारली. तो जिना चढून आला, आकडे बघितले, मग बाहेर बघितलं.

"माझ्या डोळ्यांना तर तळं दिसतंय," तो म्हणाला.

"तळंच आहे. साडेनऊपर्यंत तळंच राहील कदाचित. त्यानंतर मी सांगू शकत नाही."

"किती मोठं येईल?"

"अहो, तेच तर. असलं मी कधी बघितलेलंच नाही. बाहेरच्या खडकावर फुटेल असं वाटतंय."

कप्तानाने तिच्याकडे निरखून पाहिलं. बाहेरचा खडक किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर, इतका खोल, की त्याच्यावर लाट फुटल्याचं त्याच्या वडिलांनीही कधी सांगितलं नव्हतं. मग खाली गेला आणि त्या आरशासारख्या पाण्यावर त्याने लाल झेंडा चढवला.

दहा मिनिटांत मासोळी धाडधाड जिना चढून वर. ओल्या केसांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"वहिनी, तू मला पाण्यात बघतेस का गं? अडतीस मुली बसमधून उतरल्यात. त्यांना काय सांगू, की माझ्या भावाने बायकोच्या म्हणण्यावरून समुद्र बंद ठेवलाय?"

"सांग."

"आणि काही आलंच नाही तर?"

"तर उद्यापासून फळ्यावर तू लिही. पण आज मुलींना पाण्यात सोडू नकोस. वाळूवरसुद्धा नको. वर रस्त्याच्या पायऱ्यांवर बसव."

मासोळीला बरंच काही बोलायचं होतं. पण वहिनीला आपला फळा पणाला लावताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. ती तशीच वळली आणि खाली गेली. काचेतून हवावालीला दिसलं की ती मुलींना एकेक करून वाळूवरून उठवतेय, आणि उठवताना एकदोनदा वरच्या खोलीकडे असं बघतेय की दूध नासावं.

नऊ वाजले. साडेनऊ. ऊन चढलं. पायऱ्यांवर मुली, रस्त्यावर बोर्ड घेऊन ताटकळलेली मंडळी, आणि समोर टाचेएवढ्या लाटा. कुणीतरी जुनी आरोळी ठोकलीच, "लांडगा आला रे!" हशा पिकला. हवावालीने खिडकी लावून घेतली. बोया आता सहा फूट सांगत होता आणि सेकंद बावीस. पण बोयाचं खरं मानायचं की डोळ्यांचं, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

दहाला पाच कमी असताना पाणी वर आलं. लाट नव्हतीच ती. सगळा समुद्रच हळूच उचलल्यासारखा वर सरकला, आवाज न करता वाळू चढला, भरतीची खूण ओलांडून गेला आणि कुणाच्या तरी चपला, एक टॉवेल, शाळेच्या पाटीचा खांब अलगद घेऊन मागे फिरला. मागे गेला तो जातच राहिला. कधी उघडी न पडणारी वाळू उघडी पडली, तिच्यावरची शेवाळी दगडांची रांग दिसली. रस्त्यावरचं हसणं तोडल्यासारखं थांबलं.

मग क्षितिजाच्या अलीकडे एक काळी रेघ जाड झाली.

ती बाहेरच्या खडकाशी आली आणि उभी राहिली. तिला दुसरा शब्दच नाही. ज्या पाण्याला लोकांनी आजन्म आडवं पाहिलं होतं ते उभं राहिलं, वरून पांढरं झालं आणि कोसळलं. आणि आवाज नाही! एवढं मोठं काही पडलं आणि आवाज नाही. हवावालीने नकळत मोजलं, एक, दोन, तीन, चार. तेव्हा तो आला. कानांना नाही, आधी काचांना. तिन्ही बाजूंच्या काचा थरथरल्या, किटलीवरची बशी खुळखुळली, आणि मग तिच्या छातीत काहीतरी भरून आलं. त्या पहिलीमागे दुसरी होती. दुसरीमागे तिसरी. सात आल्या. मग समुद्र पुन्हा तळं झाला, जणू काही घडलंच नाही.

ती जिना उतरून खाली आली. कामाच्या वेळेत खोली सोडून आल्याचं तिला आठवत नव्हतं. पायऱ्यांवरच्या मुली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. एक रडत होती. आरोळी ठोकणाऱ्या माणसाने टोपी काढून छातीशी धरली होती. हवावाली मधून गेली तसे लोक बाजूला झाले. तिला त्याचं भान नव्हतं. तीही त्यांच्यासारखीच, आ वासून समुद्राकडे बघत होती.

मासोळी कठड्यापाशी होती. चेहरा पांढराफटक. तिच्या नजरेस वहिनी पडली तशी ती जवळ आली आणि तिने गच्च मिठी मारली.

"अडतीस मुली, वहिनी," ती एवढंच म्हणाली. "अडतीस."

पुढचा सगळा वेळ हवावाली मनगटावरचं घड्याळ धरून उभी राहिली. सात लाटांचा जथा यायचा, मग शांतता. चौदा मिनिटं. पुन्हा जथा. तेरा मिनिटं. पंधरा. चौदा. बाराच्या सुमाराला मासोळी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या काखेत तिचा सगळ्यात लांब बोर्ड होता.

"नाही," कप्तान लांबूनच म्हणाला.

"दादा, तुला नाही विचारत मी." ती वहिनीकडे वळली. आवाजात सकाळचा तोरा नव्हता. "अशा लाटा पुन्हा माझ्या जन्मात येतील का?"

हवावालीला खोटं बोलता आलं असतं. "मला नाही वाटत," ती म्हणाली.

"मग मला मधली वेळ सांग."

भावाबहिणीचं थोडं वाजलं. शेवटी कप्तान वैतागून म्हणाला, "जायचंच असेल तर पाण्याच्या स्कूटरवरून मीच नेईन. दुसऱ्या कुणाच्या हवाली करणार नाही." आणि दोघंही तिच्या तोंडाकडे बघू लागली.

फळ्यावर आकडे लिहिणं वेगळं. हवावालीने पुन्हा एकदा घड्याळ बघितलं. "सातवी फुटली की निघा. खडकाच्या डाव्या अंगाने जा, तिथे पाणी खोल आहे. तेरा मिनिटं धरा, एक मिनिटही जास्त नाही. आणि दोन वाजता वारा फिरणार, त्याआधी दोघंही मला इथे दिसायला हवीत."

सातवी फुटली. स्कूटर सुटली. घड्याळातला काटा एवढा सावकाश चालतो हे तिला त्या दिवशी समजलं. लांबचा वळसा घेऊन नऊ मिनिटांनी ते दोन ठिपके खडकाच्या पलीकडे पोचले. आणि अकराव्या मिनिटाला, दोन मिनिटं आधीच, रेघ जाड झाली. चुकलं होतं. तिचं गणित चुकलं होतं, आणि घरातली दोन्ही माणसं तिथे होती. पण ती पलीकडे होती, खोल पाण्यात. पहिली लाट त्यांना वर उचलून खाली ठेवून पुढे गेली. दुसरी गेली. तिसरीच्या माथ्यावर एक ठिपका सुटा झाला.

मासोळी उभी राहिली. तिच्यामागे एवढी भिंत, की ती घरातली नणंद न वाटता एखादी भातुकलीतली बाहुली वाटावी. ती उतारावरून खाली येत राहिली, येत राहिली, आणि भिंत तिच्यावर वाकली तरी ती पुढेच होती. किनाऱ्यावर चार-पाचशे माणसं असतील. सगळी कठड्याशी दाटली होती. लाट डाव्या अंगाला खोल पाण्यात विरली, आणि पांढऱ्या तुषारांमधून ठिपका बाहेर पडला, तेव्हा मात्र जो गलका उठला तो लाटेच्या आवाजाला भारी पडला.

दोन वाजायच्या आत दोघं परत आली. कप्तानाने स्कूटर वाळूवर ओढली आणि तिथेच फतकल मारून बसला. मासोळी चालत वहिनीपर्यंत आली. ओठ निळे पडले होते.

"तिथे आत आवाजच नाही गं," ती शेवटी म्हणाली. "एवढी मोठी, आणि आत देवघरासारखं शांत."

संध्याकाळी लाटा उतरू लागल्या. बोया आता सतरा सेकंद सांगत होता. मासोळी घोंगडीत गुरफटून वरच्या खोलीत आली, तिच्यामागून कप्तान तीन कप घेऊन. ती भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिली.

"कुठून आली ती? दाखव ना."

हवावालीने बोट ठेवलं. मासोळीने तिथून स्वतःच्या किनाऱ्यापर्यंत वीत टाकली, मग दुसरी, मग तिसरी.

"आणि ते वादळ? अजून चालू आहे का तिथे?"

"नाही. ते सोमवारीच विरून गेलं. आता तिथे निरभ्र आहे, वारासुद्धा नाही."

मासोळीने मागे वळून बाहेर पाहिलं. खडकावर एक शेवटची लाट पांढरी होत होती. तिघंही आवाज पोचेपर्यंत बोलली नाहीत.

"म्हणजे तिला कळलंच नसेल," कप्तान म्हणाला, "की मागे कोणी उरलेलं नाही."

हवावालीने कप हातात घेतला. चहा निवला होता. ती तो तसाच प्यायली आणि उद्याचे आकडे बघायला बसली.