पाठिंब्याचा संप

योरुनची नोकरी बासष्ट टक्क्यांची होती. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस आणि वर थोडं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवा, न्हाऊ घाला, भरवा आणि बाकीचे दिवस फोनकडे डोळे लावून बसा. कुणी आजारी पडलं की आश्रमातून सगळ्याजणींच्या फोनवर एकदमच निरोप यायचा, 'शनिवार, दुपारची ड्यूटी, कोण येतं?' जिचं 'मी' पहिलं पोचेल तिची ड्यूटी. योरुन आंघोळीलाही फोन घेऊन जायची. एकदा डोळ्यांत साबण गेलेला असताना तिनं 'मी'च्या जागी 'मू' लिहिलं. ड्यूटी मिळाली, पण पुढं वर्षभर सगळ्या तिला मू म्हणून हाका मारत होत्या.

देश श्रीमंत, यात वाद नाही. समुद्राखालच्या तेलाचा पैसा सरकारनं असा साठवून ठेवलाय की नॉर्वेत जन्मलेलं पोर पाळण्यातच कागदोपत्री लक्षाधीश. "माझ्या वाट्याचं सगळं नको," योरुन दुकानात काकडीची किंमत बघून म्हणायची, "आजच्या कोशिंबिरीपुरतं काढून द्या." शाळा फुकट, दवाखाना जवळपास फुकट, म्हातारपणी सांभाळायला सरकार, हे सगळं खरं होतं. तिच्या आईला, बोर्गहिल्डला, सरकारच तर सांभाळत होतं. पण सरकार सांभाळतं म्हणजे योरुनसारख्या बायका सांभाळतात, आणि त्या वीज स्वस्त होण्याची वेळ बघून कपडे धुतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या वर्षी घरमालकानं सांगून टाकलं होतं की उन्हाळ्यानंतर घर पर्यटकांना देणार. गावात भाड्याचं दुसरं घर नव्हतं, होतं ते तिच्या ऐपतीबाहेर. बँकेत गेली तर तिथला मुलगा फार गोड बोलला. जादा ड्यूट्या तिनं कितीही केल्या तरी बँकेला त्या दिसत नाहीत, बासष्टच दिसतात. पूर्ण नोकरी घेऊन या, मग कर्जाचं बघू. नाही मिळाली तर खाडीच्या पार पलीकडे, तीन तासांवरच्या गावात जायचं आणि आईला इथं टाकायचं. म्हणून जूनमध्ये युनियननं पगारवाढ आणि मागेल तिला पूर्ण नोकरी या दोन मागण्यांवर संप पुकारला, तेव्हा योरुननं नारिंगी जाकीट सगळ्यांच्या आधी चढवलं.

आश्रमाच्या फाटकाबाहेर तंबू उभा राहिला. वॉफलचं यंत्र आलं, कॉफीचे थर्मास आले. युनियनचा प्रतिनिधी स्टाइनार, हाही एरवी आत म्हाताऱ्यांची उचलठेव करणाराच, दाढीला पीठ लावून वॉफल भाजायचा. जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा द्यायच्या. आत मुख्य सिग्ने, एक डॉक्टर आणि संपातून सूट मिळालेल्या मोजक्या बाया कसंबसं रेटत होत्या.

नियम सगळ्यांना पाठ होता. जाकीट काढून आपल्या माणसाला भेटायला जायला हरकत नाही. आईला भरवलं तर ते लेकीचं काम. शेजारच्या खोलीतल्याला भरवलं तर संपफोडी, आणि त्या गावात त्याहून वाईट शिवी नव्हती.

शेजारच्या खोलीत हालवार होता. नव्वदी ओलांडलेली, मूलबाळ नाही. जन्मभर खाडीच्या टोकाच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि युनियनचा पुढारी होता. पायजम्याच्या सदऱ्यावरही बिल्ला लावायचा. योरुनशी त्याचं फार जमायचं. ती भरवता भरवता फोन वाजला आणि चमचा टाकून धावली की तो ओरडायचा, "पळ पोरी, पळ! मालकानं शिटी मारली!"

त्या दिवशी योरुन आईला दुपारचं जेवण भरवायला गेली. "तू नवीन आहेस का गं इथं?" आईनं नेहमीचं विचारलं. "हो, नवीनच," ती म्हणाली. भिंतीपलीकडून हालवार खोकला, कोरडा, खरखरीत. आईचं तोंड पुसून ती त्याच्या दारात गेली. त्याचे ओठ फाटले होते. शेजारी पाण्याचा ग्लास भरलेला होता.

"हालवार, घोटभर पाणी घ्या."

"तू बाहेर आहेस ना?"

"मी आईकडे आलेय."

"मग आईला पाज. माझ्या ग्लासाला हात लावलास तर तू संपफोडी."

"बरं, नाही लावत. आपल्या हातानं घ्या."

हालवार हसला. ग्लास उचलून तो कडेकडेनं खिडकीपाशी वळला आणि सगळं पाणी कुंडीत ओतलं. कुंडीतलं जिरेनियम नुसतं तरारलं होतं. खालची बशी भरून पाणी खिडकीच्या कट्ट्यावर आलं होतं.

"अहो, हे काय करता?"

"मीपण बाहेर पडलोय. पाठिंब्याचा संप. तुम्ही जिंकलात की पितो."

पाठिंब्याचा संप ही काही त्यानं काढलेली टूम नव्हती. एका धंद्यातल्या माणसांसाठी दुसऱ्या धंद्यातल्यांनी काम थांबवायचं, ही तिथली जुनी, कायदेशीर रीत. पण हालवारकडे थांबवायला काम कुठलं उरलं होतं? खाणं-पिणं एवढंच.

"भट्टी बंद पडली तर मालकाचं नुकसान होतं," योरुन म्हणाली. "तुम्ही बंद पडलात तर कुणाचं होणार आहे?"

"तेच तर बघायचंय." डोळा मिचकावून तो पडला. "कुणाला सांगू नकोस. कॉम्रेडला कॉम्रेड धरून देत नाही."

योरुन काहीच बोलली नाही. त्यानं तेच वचन समजलं.

तंबूत येऊन तिनं स्टाइनारला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यानं यंत्रातलं वॉफल करपू दिलं.

"त्याच्यापुरती सूट दे," ती म्हणाली. "मला आत जाऊ दे."

"सूट आश्रमानं मागावी लागते. मागायची तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण ऑस्लोला जातं. तिथं टपूनच बसलेत, योरुन. 'जिवाला धोका' एवढे दोन शब्द हवेत त्यांना. ते हातात पडले की सरकार संप थांबवून मोकळं."

"मग असला कसला संपाचा हक्क आपला?"

"आहे की. कुणाला झळ लागत नाही तोवर आहे." तो काळं पडलेलं वॉफल सुरीनं खरवडत राहिला. "आणि तू आत गेलीस तरी तो तुझ्या हातून पिणार आहे का?"

"नाही."

"मग? हे बघ, मी काही ऐकलं नाही. तू ठरव."

"वा रे वा! निवडून दिला तेव्हा चांगला कान होता तुला."

स्टाइनारनं मान खाली घातली. तिला लगेच वाईट वाटलं. तो तरी काय करणार होता? आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना, अशी गत सगळ्यांचीच होती. पगार वाढवणार नाहीत आणि पगारासाठी उभंही राहू देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईच्याही आधी हालवारकडे गेली. यावेळी त्यानं तिला ओळखलं नाही. "भट्टी थंड झाली का?" त्यानं विचारलं. जीभ टाळूला चिकटत होती. तिनं त्याच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ग्लास उचलून त्याच्या ओठांना लावला. संपफोडी तर संपफोडी. त्यानं दात गच्च आवळले, पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. भान गेलं होतं, पण तो अजून संपावर होता.

योरुन थेट सिग्नेच्या खोलीत गेली. दोघी एकाच वर्षी आश्रमात लागल्या होत्या. सिग्ने शिकून वर गेली, पण कित्येक दिवस नीट झोपली नव्हती, ते दिसतच होतं.

"हालवार पाणी पीत नाहीये."

"पितो गं. ग्लास रोज रिकामा असतो."

"कुंडीत हात घालून बघ."

सिग्ने गेली, तिनं हात घातला. मनगटापर्यंत चिखल झाला. हात तसाच धरून ती पलंगाकडे बघत राहिली. "प्रत्येक खोलीत ग्लास ठेवायला जेमतेम माणूस आहे," ती म्हणाली. "पिताना बघायला नाही." मग डॉक्टरला हाक मारली, सलाईन लावायला सांगितलं आणि योरुनला दाराबाहेर नेलं.

"मला हे लिहून वर पाठवावं लागेल. तुला माहीत आहे ना काय होईल ते?"

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं म्हणून लिहू?"

"शेजारच्या खोलीतल्या बाईच्या मुलीनं."

सिग्नेनं चिखलाचा हात तिच्या खांद्यावर ठेवायला उचलला आणि मागे घेतला. योरुनला रडू फुटलं. दुःखाचं कमी, संतापाचं जास्त. एवढी मोठी तिजोरी असलेल्या देशात तिचं घर आणि एका म्हाताऱ्याचं पाणी एकाच ताजव्यात का घालावं लागावं, हे तिला कळत नव्हतं. आणि ते विचारायचं कुणाला, हेही कळत नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी बातमी आली. रुग्णांच्या जिवाला धोका असल्यामुळे सरकारनं संप थांबवला होता. प्रकरण लवादाकडे, उद्या सकाळपासून सगळ्यांनी कामावर. लवाद काय देणार हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं, मालकांनी आधी देऊ केलं होतं तेच. पूर्ण नोकरीसाठी समिती नेमणार होते. समिती कशासाठी नेमतात, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

बाया तंबूचे दोर सोडायला लागल्या.

"कुठल्या तरी आश्रमात नातेवाइकानं तक्रार केली म्हणे," एकजण म्हणाली.

"नातेवाईकच ते! यांना सगळं वेळच्या वेळी हवं, आणि आमचे पगार तेवढे डोळ्यांत खुपतात."

योरुन वॉफलच्या पिठाचं पातेलं घासत होती. सांगावंसं वाटलं, अगं बयांनो, ती मीच. पण तोंड उघडेना. स्टाइनारनं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पातेलं तिच्या हातातून घेऊन तो स्वतःच घासू लागला.

सकाळी ती कामाचा पांढरा सदरा चढवून हालवारच्या खोलीत गेली. सलाईननं तो बराच शुद्धीवर आला होता. कुंडी कुणीतरी बाहेर नेऊन ठेवली होती. डॉक्टर म्हणाला होता, तोंडानं प्यायला लागला तर सुई काढू, नाहीतर असं फार दिवस चालायचं नाही.

"तू आत कशी?" हालवारनं डोळे बारीक करून विचारलं.

"संप संपला."

"जिंकलो का?"

भरलेला ग्लास तिच्या हातात होता. हालवारचे ओठ मिटलेलेच होते आणि नजर तिच्या तोंडावर होती. खरं सांगितलं असतं तर हे ओठ उघडले नसते.

"जिंकलो," योरुन म्हणाली.

"पूर्ण नोकरी?"

"पूर्ण. शंभर टक्के."

"सगळ्यांना?"

"मागेल तिला."

"आणि सरकार मध्ये पडलं नाही?"

"त्यांची काय हिंमत?"

हालवारनं एक दीर्घ श्वास सोडला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. एवढं पाणी त्याच्या अंगात कुठं उरलं होतं कोण जाणे. "आमच्या वेळी अर्धंच मिळालं होतं," तो म्हणाला. "शाब्बास पोरी. आण आता ते पाणी."

तिनं एक हात त्याच्या मानेखाली घातला, दुसऱ्या हातानं ग्लास ओठांना लावला. तो हळूहळू प्यायला लागला. एक घोट, मग थांबायचा, मग दुसरा घोट. ग्लास जरा हलला असता तर ठसका लागला असता.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. शनिवारचीच ड्यूटी असणार. खिडकीबाहेर, कॉरिडॉरमध्ये, गावभर बायांचे फोन एकदमच वाजले असतील आणि कुणाचं तरी 'मी' आत्ताच पोचलंही असेल. योरुनचे दोन्ही हात गुंतले होते.

"तुझा फोन," घोट गिळून हालवार म्हणाला.

"वाजू दे."

"हो, खरंच की. आता तुला कशाला लागतोय," तो म्हणाला, आणि उरलेल्या पाण्यासाठी त्यानं पुन्हा तोंड उघडलं.